पाळणाघराचं बालसुरक्षा धोरण : चार पानांत नेमकं काय लिहायचं?

पाटीपेन्सिल
समजा वीस मुलांचं पाळणाघर आहे. वयं सहा महिने ते पाच वर्षं. दोन ताई, दोन मदतनीस, स्वयंपाकाच्या एक मावशी, एक व्हॅनवाले काका. पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत शाळांच्या बरोबरीने पाळणाघरांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी, प्रशिक्षण, आणि बालसुरक्षा धोरण. नेटवर मिळणारे नमुने एकतर परदेशी आणि चाळीस पानी, नाहीतर "आमची संस्था बालकांच्या सर्वांगीण सुरक्षिततेसाठी कटिबद्ध आहे" एवढ्यावर संपणारे. मावशींना बसवून वाचून दाखवता येईल असं चार पानी धोरण लिहायचं तर त्यात काय हवंच? दुसरं, कॅमेरे लावले की निम्मं काम झालं असं धरावं का?

आडवळण
"कटिबद्ध" दिसलं की पान उलटावं. पुढे काही नसतं.

खडूफळा
लिहायला बसण्याआधी जागेचा नकाशा काढा, साधा, पेन्सिलीने. मग एकच प्रश्न घेऊन हिंडा : इथे एक मोठं माणूस आणि एक मूल, बाकी कुणाला न दिसता, किती वेळ राहू शकतं? पाळणाघरात अशा जागा मोजून पाचसहा निघतात. संडास-न्हाणीघर, झोपायची खोली, सामानाची खोली, गच्चीचा जिना, व्हॅन आणि (हे सगळे विसरतात) सकाळची पहिली व संध्याकाळची शेवटची पंधरा मिनिटं, जेव्हा हजर माणूस एकच असतं. प्रत्येक जागेसाठी एक वाक्य लिहा. तेच तुमचं धोरण. बाकी सजावट.

नमुना म्हणून लंगोट बदलण्याचं घ्या. बदलायची जागा मुख्य खोलीच्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या आडोशामागे. बंद खोलीत नाही. मुलाचा आडोसा राहतो आणि मोठ्या माणसाचे खांदे व हात दिसत राहतात. जाताना मोठ्याने सांगून जायचं, "मी अमक्याला बदलायला नेतेय." सामान आधी मांडून ठेवायचं, कारण मधेच उठून पावडर आणायला गेलं की बाळ पडतं. हातात मोबाइल नाही. लालसरपणा, सूज, खरचटलेलं काही दिसलं तर तिथल्या तिथे दुसऱ्या ताईला बोलावून दाखवायचं आणि वेळ टाकून लिहायचं. तीन वर्षांच्या पुढची मुलं स्वतः धुवायला शिकत असतात, तिथे "मी मदत करू का?" असं विचारून मगच हात लावायचा. दार अर्धं उघडं, कडी आतून लागणार नाही अशी.

निरगाठ
वरचं सगळं मान्य. फक्त सामानाच्या खोलीला वाक्य नको, कुलूप हवं. आणि किल्ली कुणाकडे ते वाक्य.

तिसरा_बाक
एवढं सगळं माणसांच्या भरवशावर कशाला सोडायचं? सरळ प्रत्येक खोलीत कॅमेरा लावा, पालकांना मोबाइलवर थेट दिसू द्या. शाळांना तर बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने कॅमेरे बंधनकारकच केले. लपवायला काही नसेल तर अडचण काय?

चष्मिश
अडचणी बऱ्याच आहेत.
कॅमेरा बघत नाही, साठवतो. बघणारं माणूस लागतं. जिथे धोका सगळ्यात जास्त तिथे, म्हणजे न्हाणीघरात, तो लावता येत नाही आणि लावूही नये. थेट प्रक्षेपण वीस घरांत गेलं म्हणजे तुमचं मूल कसं झोपतं, कपडे कुठे बदलतं, कुणाच्या कडेवर असतं हे बाकीच्या एकोणीस घरांतल्या कुणाच्याही मोबाइलवर दिसणार. काका, मामा, भाडेकरू, कुणीही. त्यात डीव्हीआरचा (चित्रण साठवणाऱ्या डब्याचा) पासवर्ड बसवणाऱ्या पोराने ठेवलेला असतो. एक दोन तीन चार, किंवा तोच "अॅडमिन".

लावा जरूर, पण असे : दार, ओटा, मुख्य खोली, झोपायची खोली. साठवण किमान तीस दिवसांची. डीव्हीआर कुलपात. महिन्यातून एकदा घड्याळ मोबाइलशी जुळवायचं, कारण वीज गेली की काही डीव्हीआरची तारीख २००० सालात जाऊन बसते आणि नेमकं लागेल तेव्हा फुटेजचा उपयोग शून्य. फुटेज कुणी, कधी, कशासाठी पाहिलं याची वेगळी नोंद. आणि आठवड्यातून दोनदा, वार न ठरवता, अर्धा तास बसून खरोखर पाहायचं. जेवणाची वेळ आणि झोपवण्याची वेळ. हिसकाहिसकी, घास कोंबणं, हाताला धरून फरफटणं तिथेच दिसतं.

तिसरा_बाक
पासवर्डचं पटलं. तरीही कॅमेरा आहे म्हटल्यावर माणूस दबकून वागतं, एवढं तरी मानाल?

चष्मिश
पहिला आठवडा. नंतर त्याच्या टप्प्याबाहेरचा कोपरा कुठला ते पाठ होतं.

निरगाठ
आता कायद्याचं, कारण गोंधळ तिथेच असतो.

पोक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडण्याची शक्यता वाटली, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "प्रत्येकावर" यात स्वयंपाकाच्या मावशीही आल्या. न कळवल्यास कलम २१ : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाचालकाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. "उद्या खोटं निघालं तर?" या भीतीला उत्तर त्याच कलम १९ मध्ये आहे. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. खात्री करून घेणं हे तुमचं कामच नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.

सगळा छळ पोक्सोत बसत नाही. मारणं, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, अंधाऱ्या खोलीत कोंडणं यासाठी बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ आहे. मुलाची काळजी ज्यांच्याकडे सोपवली त्या संस्थेच्या माणसाने हे केलं तर शिक्षा वाढते : पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

गोगलगाय
पण आधी चालकांनी आपल्या पातळीवर चौकशी करून, दोन्ही बाजू ऐकून, मग पोलिसांत जावं हे शहाणपणाचं नाही का? एखाद्याच्या पोटावर पाय येतो. आणि अंतर्गत समिती असतेच ना त्यासाठी?

निरगाठ
ती अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याखालची, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळासाठी. तिचा मुलांशी संबंध नाही. हीच गल्लत सगळीकडे होते.

"आपल्या पातळीवर चौकशी" म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मुलाला चार जणांसमोर तेच पुन्हा पुन्हा विचारलं जातं. तिसऱ्या वेळेला ते कंटाळून "नाही" म्हणतं किंवा मोठ्यांना हवं ते म्हणतं. पुढे न्यायालयात बचावाचा वकील नेमकं एवढंच दाखवतो. दरम्यान ज्याच्यावर संशय आहे त्याला सावध व्हायला दोन दिवस मिळतात, आणि बहुतेक वेळा तो "घरगुती कारणाने" काम सोडून दुसऱ्या पाळणाघरात लागतो.

ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला त्याच क्षणी मुलांपासून दूर करायचं. स्वयंपाकघरात हलवणं म्हणजे दूर करणं नव्हे, घरी पाठवणं. तपशील त्याला सांगायचे नाहीत. ही शिक्षा नाही, हे आधीपासून धोरणात लिहिलेलं असलं आणि कामावर घेताना सही घेतलेली असली की पोटावर पाय आल्याचा कांगावाही कमी होतो. त्याच दिवशी त्या तासांचं फुटेज वेगळं काढून ठेवायचं, कारण डीव्हीआर जुन्यावर नवं लिहीत जातो. घड्याळ किती मिनिटं पुढेमागे आहे तेही टिपायचं. आणि ते फुटेज कुणालाही पाठवायचं नाही. मुलाची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे.

पिंपळपान
निरगाठ यांनी चौकशी नको म्हटलं ते बरोबर, पण मूल आपणहून बोललं तर ताईने नेमकं काय करायचं हे कुणीच लिहिलं नाही. पहिला अर्धा तास तिच्याच हातात असतो.

खाली बसायचं, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. चेहरा शक्य तितका नेहमीसारखा. "अगं बाई!" नाही. विचारायचंच तर दोनच वाक्यं : "अजून सांग" आणि "मग काय झालं?" "काकांनी हात लावला का?" असा प्रश्न विचारायचाच नाही, त्यात उत्तर आपणच भरलेलं असतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण सांगावं लागणारच आहे. "सांगितलंस ते चांगलं केलंस. आता मी मदत करणाऱ्या मोठ्या माणसांना सांगते" एवढं पुरे. मूल गप्प झालं तर गप्प राहू द्यायचं.

मग लगेच, त्याच दिवशी, शाईच्या पेनाने लिहायचं. दोन नोंदी शेजारी ठेवून बघा.

पहिली : "आज मुलगी घाबरलेली वाटली. मदतनीस दादा तिला त्रास देतो असं दिसतं. लक्ष ठेवावे."

दुसरी : "मंगळवार, दुपारी ४.१०. चटईवर ठोकळे खेळत होती. मी विचारलं नव्हतं. म्हणाली, 'दादा मला अंधारात बसवतो. सांगायचं नाय.' मी म्हटलं, 'अजून सांग.' म्हणाली, 'दार लावतो. बाऊ येतो.' पुढे बोलली नाही, ठोकळे रचत राहिली. जवळ दुसरी दोन मुलं होती, मोठं कुणी नव्हतं. ४.२५ ला चालक ताईंना सांगितलं." खाली पूर्ण नाव, सही, वेळ.

पहिल्या नोंदीत लिहिणारीचं मत आहे. दुसरीत मुलीचे शब्द. "नाय" चं "नाही" सुद्धा करायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ आणि बाजूला सही. खोडणं, पांढरा रंग लावणं, पान फाडणं बंद. म्हणून वही शिवलेली आणि पानांवर आकडे छापलेले हवेत.

रांगोळी
"बाऊ" वरून आठवलं. आमच्याकडच्या मुलांच्या भाषेत बाऊ म्हणजे जखमही, बागुलबुवाही आणि औषधाची सुईही. नोंद वाचणाऱ्या पोलिसांनी काय समजायचं?

पिंपळपान
म्हणूनच प्रवेशाच्या अर्जात एक रकाना हवा : घरातले शब्द. शू, शी, भूक, दुखणं, भीती आणि खासगी अवयव यांना घरी काय म्हणतात. कुणाकडे नुनू, कुणाकडे शूची जागा, कुणाकडे भलतंच काही. पालक लाजतात. हा रकाना का आहे ते एका ओळीत तिथेच छापलं की भरतात. मुलाला खरे शब्द शिकवावेत हे खरं, पण तोवर ते जे म्हणतं ते आपल्याला कळलं पाहिजे. आणि नोंदीत बाऊ म्हणजे काय ते आपण ठरवायचं नाही. मुलीने म्हटलं तेच ठेवायचं, हवं तर अर्जाची झेरॉक्स जोडायची.

आडवळण
माझ्या मते या नोंदीतला सगळ्यात गंभीर शब्द "अंधार" नाही. "सांगायचं नाय" आहे.

निरगाठ
बरोबर. कोंडून ठेवणं कलम ७५ मध्ये जातंच, पण गुपित राखायला लावलं गेलंय म्हटल्यावर बाकीचं नाकारता येत नाही. अशा वेळी पोक्सो लागू होतो की नाही हे पोलिसांना ठरवू द्या. १०९८ या हेल्पलाइनवरही कळवा. ती सेवा मुलांसाठीची, चोवीस तास, टप्प्याटप्प्याने ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाला ठाण्यात न्यावंच लागतं असं नाही. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असं कलम २४ सांगतं. पालकांना हे ठाऊक असलं की निम्मी घालमेल कमी होते. आणि कळवल्याची पोच घ्या. तोंडी माहितीसुद्धा पोलिसांनी लिहून, वाचून दाखवून, नोंद क्रमांक द्यायचा असतो.

गोळीबिस्कीट
अंगावरच्या खुणांबद्दल. चालायला शिकलेल्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कपाळ, हनुवटी यावर निळे डाग असणारच. हाड जिथे वर आहे तिथे आपटतं. काळजीच्या जागा वेगळ्या. चार वर्षांखालच्या मुलाचं धड, कान, मान. जबड्याचा कोन, गालाचा मांसल भाग, पापण्या, डोळ्याचा पांढरा भाग, वरच्या ओठाच्या आतला पडदा. आणि ठसा उमटलेला डाग, म्हणजे बोटांचे वळ, पट्टा, दोरी, चाव्याची कमान. पाच महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही डाग असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. जे बाळ अजून कूस वळत नाही ते स्वतःला कुठे आपटणार? भाजल्याच्या खुणेत कड एकदम सरळ, मोज्यासारखी असेल तर पाय पाण्यात धरला गेल्याची शक्यता असते. शिंतोड्यांचे डाग वेडेवाकडे असतात.

दोन चुका नेहमीच्या. डागाच्या रंगावरून "हा चार दिवसांपूर्वीचा" असं सांगणं. रंगावरून वय ठरत नाही, डॉक्टरांनाही नाही. दुसरी, जन्मखुणेला मार समजणं. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या कमरेखाली, कुल्ल्यांवर निळसर-करडा डाग जन्मतः असतो. मार असेल तर रंग काही दिवसांत बदलतो, जन्मखूण आठवडेच्या आठवडे तशीच. प्रवेशाच्या दिवशी पालकांसमोर मानवी आकृतीच्या छापील चित्रावर ती काढून ठेवा, पुढचा घोळ टळतो. मुलाच्या अंगाचे फोटो मात्र मोबाइलवर काढायचे नाहीत. चित्रावर पेनाने जागा दाखवायची, आकार रुपयाच्या नाण्याएवढा, तांदळाएवढा असा लिहायचा.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत, प्रत्येक वेगळा. प्लास्टिकमध्ये ओल राहून पुरावा कुजतो. ७२ तासांनंतर पुरावा मिळण्याची शक्यता बरीच घटते. खासगी असो की सरकारी, रुग्णालयाला उपचार लगेच आणि मोफत द्यावे लागतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. "आधी एफआयआर आणा" असं म्हणता येत नाही.

गोगलगाय
मूल घरूनच खूण घेऊन आलं तर? पालकांना बोलावून समज द्यायची का?

खडूफळा
समज नाही. दारातच, मूल ताब्यात घेताना विचारायचं, "हे कसं झालं?" आणि पालक जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत "आल्यावर दिसलेली खूण" या रकान्यात लिहायचं, तिथे त्यांची सही. विचारणं रोजचं आणि सगळ्यांना सारखं असलं की कुणाला टोचत नाही. एकटी नोंद काही सांगत नाही. महिन्याभरात तीन नोंदी आणि तीन वेगळ्या गोष्टी जमल्या की सांगते. संशय घरच्याच माणसावर असेल तर त्याला बोलावून विचारणं म्हणजे मुलावर रात्री काय येईल याची सोय करणं. सरळ १०९८.

म्हणून वह्या दोन. अपघात वही सगळ्यांसाठी, पालक सही करतात. काळजीची वही कुलपात, प्रत्येक मुलाचं वेगळं पान, फक्त चालक आणि नेमलेली एक ताई यांच्याकडे.

तिसरा_बाक
एक सरळ उपाय कुणीच बोललं नाही. पुरुष कर्मचारी ठेवायचेच नाहीत.

रांगोळी
आणि घरगुती पाळणाघरात चालक ताईंचे यजमान, दीर, कॉलेजात जाणारा मुलगा, त्यांचं काय? ते कर्मचारी नाहीत म्हणून कुठल्याच यादीत नाहीत, पण दुपारी चहा प्यायला त्याच खोलीत येतात. नियम "पुरुष नकोत" असा नको. नियम असा हवा : पाळणाघराच्या वेळेत त्या खोल्यांत असणारं प्रत्येक प्रौढ माणूस यादीत, पडताळणीत आणि नियमांत. बाईसुद्धा. पोक्सोत आरोपी बाई की पुरुष असा भेद नाही. शिवाय घास कोंबणं आणि झोपेचं औषध पाजणं यांना तर बायकांचेही हात लागतात.

गोळीबिस्कीट
झोपेच्या औषधावर जोर द्या. सर्दीच्या सिरपने झोप येते हे सगळ्यांना माहीत आहे. दुपारी वीसच्या वीस मुलं दोन दोन तास निपचित झोपत असतील तर पालकांना ते कौतुकाचं वाटतं, मला शंका येते. नियम : पालकांची लेखी चिठ्ठी आणि डॉक्टरांचं नाव नसेल तर कुठलंही औषध नाही, घरगुती गुटीसुद्धा. बाटलीवर मुलाचं नाव, मात्रा मिलिलिटरमध्ये, चमच्यात नाही. देणारी एक, बघणारी दुसरी, दोघींच्या सह्या. बाळं पाठीवर, सपाट टणक गादीवर, उशीशिवाय, तोंड उघडं. दर दहा मिनिटांनी जवळ जाऊन छाती हलतेय का ते पाहायचं. कॅमेऱ्यातून नाही.

चष्मिश
अवांतर : "दर दहा मिनिटांनी" च्या तक्त्यात सगळ्या वेळा ०, १०, २० अशा पूर्ण आणि एकाच शाईत दिसल्या की समजावं, तो संध्याकाळी बसून भरलाय.

आडवळण
हे शिक्षक लोक ना, गृहपाठ कुणी केला ते अक्षरावरून ओळखतात.

पिंपळपान
मुलामुलांतलंही यात यायला हवं. तीन-चार वर्षांची मुलं एकमेकांचं बघतात, "तुझं असं का?" विचारतात, डॉक्टर-डॉक्टर खेळतात. हसत-खेळत, बरोबरीच्या वयात, दुसरीकडे लक्ष वळवलं की थांबणारं असेल तर ते कुतूहल. ओरडायचं नाही, कपडे घालून दुसऱ्या खेळाला लावायचं. जबरदस्ती, वयात मोठं अंतर, गुपित, पुन्हा पुन्हा तेच, किंवा मोठ्यांनाच माहीत असावं असं काही मूल करून दाखवत असेल तर ते मूल "वाईट" नाही. त्याने ते कुठे पाहिलं किंवा त्याच्यावर काय झालं हा प्रश्न आहे, आणि नोंद त्याच्यासाठीही करायची. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही, तेव्हा दुसऱ्या पालकांनी कितीही आरडाओरडा केला तरी "त्याला काढून टाका" हे उत्तर नाही.

पाटीपेन्सिल
धाग्याचा पुस्तकपसारा होतोय, पण उपयोगी आहे. मुलांना घरी सोडण्याबद्दल आणि नोकरीवर घेण्याबद्दल कुणी लिहील का? आणि एका ताईमागे मुलं किती?

खडूफळा
केंद्राच्या पाळणाघरांसाठीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखाली दहा मुलांमागे एक ताई, त्यावर वीसमागे एक, जोडीला मदतनीस. इंग्लंडात दोन वर्षांखाली तीन मुलांमागे एक आहे. साधा हिशोब करा : आग लागली तर एक बाई दोन तान्ही उचलून बाहेर पडू शकते. तान्ह्यांच्या खोलीत आठ बाळं आणि दोन बायका असतील तर चार बाळांचं काय, ते धोरणात लिहा.

निरगाठ
सोडण्याबद्दल : प्रत्येक मुलामागे तीन नावं, फोटो, फोन नंबर. चौथं माणूस आलं तर मूल मिळत नाही, आजोबा असले तरी. "मी ऑफिसातून बोलतेय, भावाला पाठवलंय" असा फोन आला तर त्या नंबरवर बोलून भागत नाही. फोन ठेवून नोंदवलेल्या नंबरवर आपण लावायचा आणि प्रवेशाच्या वेळी ठरलेला परवलीचा शब्द विचारायचा. नेणारं माणूस दारू प्यायलेलं असेल तर वाद घालायचा नाही, "पाणी घ्या, बसा" म्हणत यादीतल्या दुसऱ्याला बोलवायचं, ऐकलं नाही तर ११२. आईवडिलांत वाद चालू असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागायची. कुणाच्या तोंडी सांगण्यावर एका बाजूचे होऊ नका.

व्हॅनमध्ये बाई मदतनीस शेवटचं मूल उतरेपर्यंत हवी. त्या मार्गावर पहिल्यांदा चढणारं आणि शेवटी उतरणारं मूल एकटं असतं, तिथेच भोक आहे. गाडी रिकामी झाल्यावर काकांनी मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन बघायचं. झोपलेलं मूल आरशात दिसत नाही.

रांगोळी
नोकरी : पोलीस पडताळणीत फक्त नोंदवलेलं सापडतं. बहुतेक गोष्टी नोंदल्याच जात नाहीत. म्हणून आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करायचा, उमेदवाराने दिलेल्या मोबाइलवर नाही, त्या जागेच्या नंबरवर. एकच प्रश्न नेमका विचारायचा, "यांना पुन्हा मुलांमध्ये कामाला ठेवाल का?" आणि समोरचं माणूस किती वेळ थांबतं ते ऐकायचं. मधल्या रिकाम्या वर्षांचं कारण लिहून घ्यायचं. मुलाखतीत विचारा, "दोन वर्षांचं मूल तासभर रडतंय, तुम्ही काय कराल?" "गप्प बसवीन" एवढंच उत्तर आलं तर पुढचे प्रश्न वाढवा.

खरं भगदाड म्हणजे बदली. "उद्या माझी भावजय येईल" असं म्हणून मावशी गावाला जातात आणि सकाळी साडेआठला दारात जी बाई उभी असते तिचं नावही कुणाला माहीत नसतं. तसंच स्नेहसंमेलनाचा नाच बसवणारे सर, फोटोग्राफर, नळवाला.

चष्मिश
फोटोग्राफरवरून, पालकांच्या ग्रुपवर रोज फोटो टाकायची हौस. आंघोळीचे, पाण्यात खेळतानाचे उघडे फोटो कधीच नाही. काढायचे ते संस्थेच्याच एका फोनवर, आणि तो फोन रात्री संस्थेतच. नाव आणि चेहरा एकत्र नको. डबल टिक निळी झाली की तो फोटो आपला राहिलेला नसतो.

पाटीपेन्सिल
जमवून बघितलं. पान १ : नकाशा आणि प्रत्येक जागेचं वाक्य, बदलीच्या माणसांसकट. पान २ : सोडणं, व्हॅन, औषध, फोटो. पान ३ : मूल बोललं किंवा खूण दिसली तर पहिल्या अर्ध्या तासात काय, आणि कुणाला फोन. पान ४ : सह्या. कॅमेऱ्याला अडीच ओळी मिळाल्या.

पिंपळपान
पान ३ भिंतीवर हवं, फायलीत नाही. स्वयंपाकघरात, मोठ्या अक्षरात. आणि चालक ताईंवरच संशय असेल तर मदतनिसाने कुणाला सांगायचं ते त्यात नाही. तिथे थेट १०९८ आणि ठाण्याचा नंबर छापा, "चालकांना विचारण्याची गरज नाही" या वाक्यासकट. ही ओळ बहुतेक धोरणांत नसते, कारण धोरण लिहिणारे चालकच असतात.

पाटीपेन्सिल
लिहिली. बदलीसाठी दोन नावं आधीच पडताळून यादीत ठेवणार. त्यातली कुणी नसेल तर त्या दिवशी पाच मुलं कमी घ्यायची, असं लिहिलंय. पालक भांडतील.

आडवळण
भांडू देत. "कटिबद्ध" कुठे घातलंत?

पाटीपेन्सिल
पान ४ वर. सह्यांच्या खाली, बारीक अक्षरात. जिल्ह्याच्या कचेरीत त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.